आतून आले दोन ठोके

हे तिखटमीठ लावून सांगितलेलं नाही. ज्याच्यावर बेतलं तो माझा मावसभाऊ आहे, आणि जिने त्याला ओढून बाहेर काढलं ती त्याची बायको. दोघांनी मला वेगवेगळं बसवून सांगितलं. दोघांच्या सांगण्यात एका ठोक्याचाही फरक नव्हता.

आणखी एक. यात रात्र नाही, अंधार नाही. रविवार होता, दुपारचे पावणेतीन वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

या भावाला मी दादा म्हणतो, तेव्हा इथेही दादाच म्हणेन. दादा गिटारी बनवतो. घराच्या मागे त्याच्या दोन खोल्या आहेत. पहिलीत लाकूडकाम, दुसरीत रंग. रंगाची खोली जेमतेम एक पलंग मावेल एवढी. मधोमध छताच्या हुकाला गिटार टांगायची आणि स्प्रे गनने लॅकरचे, म्हणजे काचेसारखी चमक देणाऱ्या रंगाचे, पातळ हात मारायचे, एकावर एक, आठ-दहा.

दादाचं धुळीशी सात जन्मांचं वैर. ओल्या लॅकरवर धुळीचा एक कण बसला, तर तो अख्खा हात घासून काढणार आणि पहिल्यापासून मारणार. वहिनी म्हणते, मला बघायला आला तेव्हा चेहरा नंतर बघितला, आधी बाहीवर चिकटलेला धागा उचलला.

पण स्प्रेच्या कामात तो कधी वेडेपणा करायचा नाही. लॅकर पेट घेतं आणि त्याची वाफ डोक्यात जाते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून खोलीत एकही बटण नाही, बल्ब नाही. उजेड येतो तो वर उंचावरच्या एका बंद काचेतून. गनला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बाहेरच्या खोलीत. वाफ ओढून घेणाऱ्या मोठ्या पंख्याचं बटणही बाहेरच. तोंडावर कोळशाच्या दोन डब्या असलेला मास्क. काम झालं की तो मास्क घट्ट झाकणाच्या टिनात ठेवायचा, कारण उघडा राहिला तर डब्यांमधला कोळसा नुसता टांगल्या जागीही वाफ पीत राहतो आणि भरून जातो. मग तो मास्क असून नसल्यासारखा.

आणि शेवटचा नियम वहिनीचा होता.

पाच-सहा वर्षांपूर्वी दादा एकदा त्या खोलीतून झिंगल्यासारखा बाहेर आला होता. हसत होता आणि स्वतःच्या बायकोला ताई म्हणत होता. त्या दिवशी वहिनीने ठरवलं, की दादा आत असला की ती बाहेरच्या खोलीत बसणार. मास्क आणि कॉम्प्रेसरमुळे हाक ऐकू जात नाही, म्हणून ठोके. दर पाच मिनिटांनी ती दारावर तीन ठोके देणार. आतून दोन आले, तर सगळं ठीक. एकच आला, तर गडबड आहे, पंखा लाव आणि दार उघड. काहीच आलं नाही, तरी दार उघड. दाराला कडी नाही, हीसुद्धा तिचीच अट.

दादा सगळ्यांना सांगायचा, आमचा संसार दोन ठोक्यांवर चाललाय.

त्या उन्हाळ्यात एक काकू आल्या. साठीच्या असतील. चादरीत गुंडाळलेली एक गिटार घेऊन आल्या होत्या. त्यांचे यजमानही गिटारी बनवायचे, चार वर्षांपूर्वी गेले. ही त्यांची शेवटची. लाकडाचं सगळं काम झालेलं, लॅकरचे सात हातही चढलेले. वरचे दोनच राहिले होते.

यजमान कशाने गेले, हे दादाने विचारलं. काकू म्हणाल्या, काम करता करता गेले. मग म्हणाल्या, "हे अर्धवट पडून राहिलंय ना, घरात काहीतरी अडकून बसल्यासारखं वाटतं. तुम्ही तेवढं मोकळं करा."

दादाला गिटार बघूनच मोह पडला. असलं काम त्याने क्वचित पाहिलं होतं. काकू गेल्यावर त्याने सवयीने बोटाच्या पेराने गिटारीच्या पाठीवर ठोका दिला. लाकूड कसं बोलतं ते ऐकायला हे लोक असं करतातच.

ठोका एकच दिला होता.

आवाज आला... दोनदा.

दादाला वाटलं, आतली एखादी पट्टी सुटली असेल, तिचा खडखडाट. आरसा घालून आत बघितलं. पट्ट्या पक्क्या होत्या. पुन्हा ठोका दिला, तर एकच आवाज आला. त्याने ते सोडून दिलं.

गिटारीच्या किल्ल्या, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या, काकूंनी एका पुडीत दिल्या होत्या. हरवू नयेत म्हणून दादाने त्या हाताशी असलेल्या टिनात टाकल्या. घट्ट झाकणाच्या.

मास्कच्या टिनात.

आणि गुरुवारी काम संपल्यावर मास्क खिळ्याला अडकवला. रंगाच्या खोलीत. उघडा. एवढा काटेकोर माणूस, पण दुसऱ्याच्या जिनसा जपायच्या नादात स्वतःचीच वस्तू विसरला.

शुक्रवारी त्याने आठवा हात मारला. सगळं नीट झालं. संध्याकाळी चहा पिताना वहिनीने विचारलं, "अहो, आज प्रत्येक वेळी उत्तर दोनदा का देत होतात?"

"दोनदा म्हणजे?"

"म्हणजे दोन ठोके. मग जरा वेळाने परत दोन. हळू."

दादाने तिची थट्टा केली. म्हणाला, मी एकदा दिलेलं उत्तर तुला कधी पुरलंय का. वहिनी हसली नाही. तिने पुन्हा विचारलंही नाही, पण ते तिच्या मनात राहून गेलं.

मग तो रविवार.

सकाळपासून वारा होता. रस्त्यावरची माती घरात येत होती. शहाण्या माणसाने काम सोमवारवर ढकललं असतं. पण दादाला शेवटचा हात मारल्याशिवाय राहवेना. जेवण झाल्यावर त्याने फरशी ओली केली, आत जाऊन दाराच्या चारी कडांना आतून कागदी टेप लावला. आणि त्याआधी वहिनीला सांगितलं, आज पंखा बंद ठेव. पंखा बाहेरची धूळ खेचून आणतो. दहा मिनिटांचं काम आहे, फार तर पंधरा.

वहिनी नको म्हणाली. तो म्हणाला, मास्क आहे की. आणि तू आहेसच.

एवढ्या वर्षांत त्याने पंखा कधीच बंद ठेवला नव्हता.

पहिली पाच मिनिटं छान गेली. गिटारीचा पुढचा भाग झाला. काचेसारखा. दारावर तीन ठोके पडले. दादाने डाव्या हाताने दोन दिले.

कडा झाल्या. मग त्याला वास आला.

पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा. गोडसर. मास्कच्या आत.

त्याला नियम माहीत होता. वास आला की त्याच क्षणी गन ठेवायची आणि बाहेर पडायचं. पण फक्त पाठ राहिली होती. अर्धा मिनिट. त्याने श्वास रोखला आणि गन वळवली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

गुडघे कधी वाकले ते त्याला कळलंच नाही.

तो दाराकडे जायला वळला होता, एवढं आठवतं. मग तो दाराशी फरशीवर होता, एका कुशीवर, गाल ओल्या फरशीला लागलेला. गन कुठेतरी पडली होती. डोकं लख्ख चालत होतं, अंग मात्र त्याचं नव्हतं. बोटं हलव म्हटलं की बराच वेळ जायचा आणि मग एखादं बोट हलायचं.

त्याला हेही कळत होतं, की लॅकरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली बसते. सगळ्यात वाईट हवा आता तो जिथे पडला होता तिथेच होती.

त्याने खांद्याने दार ढकललं. बाहेर उघडणारं दार. कडी नाही, फक्त कागदी टेप.

दार हललं नाही.

अंगात बळच नव्हतं, की दार कुणी धरून ठेवलं होतं, हे त्याला आजही सांगता येत नाही.

त्याने हाक मारली. मास्कच्या आत ती त्याच्याच कानाला लागेना. बाहेर कॉम्प्रेसर धडधडत होता; दाराच्या फटीशी असलेल्या त्याच्या कानाला बाहेरचं येत होतं, त्याची हाक मात्र बाहेर जात नव्हती.

पण तो घाबरला नाही. वहिनी येणार होती. तीन ठोके देणार होती. आतून काहीच आलं नाही, की दार उघडणार होती. त्यासाठीच तर नियम होता. नुसतं गप्प पडून राहायचं होतं.

पावलं आली.

ठक... ठक... ठक.

दादा गप्प पडून राहिला. मनात म्हणाला, उघड. आता उघड.

आणि दारावर आतून दोन ठोके पडले.

त्याच्या डोक्याच्या वर. उभ्या माणसाचा हात जिथे लागतो, बरोबर तिथे.

सावकाश. शांतपणे. अगदी तो द्यायचा तसे.

बाहेरून वहिनीचा आवाज आला, "बरं." आणि पावलं परत गेली.

दादाने मान वळवायचा प्रयत्न केला. वरच्या काचेतून ऊन येत होतं. स्प्रेच्या धुक्यात उन्हाचा तिरका पट्टा दिसत होता. हुकाला गिटार होती. दाराशी कुणी नव्हतं. एवढीशी खोली, लपायला जागाच नाही. कुणीही नव्हतं.

मला सांगताना तो म्हणाला, "मरणाची भीती नाही रे वाटली. ती बाहेर बसलीय, सहा पावलांवर, आणि तिला वाटतंय मी बरा आहे... याची वाटली."

पुढची पाच मिनिटं किती मोठी होती, ते त्यालाच माहीत. झोप येत होती. गाढ, गोड झोप. त्याने जीभ दातांखाली धरली आणि चावत राहिला. त्याने ठरवलं, या वेळी गप्प राहायचं नाही. एक ठोका द्यायचा. एक म्हणजे गडबड. उजवा हात त्याने फरफटत दाराशी आणला. मुठीचा भार दाराला टेकवून ठेवला आणि वाट बघत पडला.

पावलं आली.

ठक... ठक... ठक.

दादाने होता नव्हता तेवढा सगळा जीव त्या मुठीत आणला. दाराच्या तळाशी ठोका पडला.

एक.

ऐकू जाईल असा. स्पष्ट. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि लगेच, वरून... दुसरा.

दोन झाले.

बाहेर क्षणभर काहीच हललं नाही. मग वहिनी म्हणाली, "आवरा हो लवकर." आणि पावलं गेली.

त्यानंतर दादाने प्रयत्न केला नाही. तो म्हणाला, काय उपयोग होता. मी एक दिला की तो दोन करणार. मी गप्प बसलो की तो बोलणार. माझ्या घरात, माझ्या बायकोशी, माझ्या वतीने.

ऊन तसंच होतं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी मोटार चालू करत होतं. दादाने डोळे मिटले.

आता वहिनीचं सांगणं.

तिसऱ्या वेळचे ठोके तिला जरा खटकले होते. पहिला खालून आला, दुसरा वरून. तिला वाटलं, वाकून काहीतरी करत असतील. ती परत जाऊन बसली, पण जीव लागेना. घड्याळात पाच मिनिटं व्हायला अजून दोन होती. तरी ती उठली. कॉम्प्रेसर टाकी भरून नुकताच थांबला होता. खोलीत एकदम शांतता झाली होती.

या वेळी चपला खुर्चीखालीच राहिल्या होत्या, ती अनवाणी होती. पावलांचा आवाज झाला नसेल, असं ती म्हणते. दाराशी गेली. ठोका द्यायला हात उचलला.

हात दाराला लागलाच नव्हता.

आतून दोन ठोके आले.

ती तशीच उभी राहिली. तिने विचारलंच नव्हतं. तिच्या नवऱ्याला सवय होती उत्तर उशिरा द्यायची. वीस वर्षांत त्याने कुठलंही उत्तर प्रश्नाच्या आधी दिलं नव्हतं.

तिने हात खाली घेतला. आतून पुन्हा दोन आले. जरा घाईने.

मग परत दोन.

सगळं ठीक आहे. सगळं ठीक आहे.

वहिनीने पंख्याचं बटण दाबलं आणि दार ओढलं. टेप फाटला, दार एका ओढीत उघडलं. दाराला टेकलेला दादा तिच्या पायांवर पडला. ओठ निळसर झाले होते. तिने मास्क काढून फेकला, दोन्ही काखांत हात घालून त्याला अंगणात ओढत नेलं. दादा चांगला ऐंशी किलोचा आहे. कसा ओढला, तिला ठाऊक नाही.

चार दिवस तो दवाखान्यात होता. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर नुसती सही करायला बोलवावं लागलं असतं. ठोक्यांचं ऐकून ते म्हणाले, वाफेने भास होतात.

दादाला होतील. वहिनी तर बाहेर बसली होती.

काकू गिटार न्यायला आल्या तेव्हा दादा खुर्चीत बसू लागला होता. पाठीचा हात राहिला होता तो राहिलाच. दादाने त्यांना सरळ सांगितलं, हे माझ्याने होणार नाही. काकूंनी कारण विचारलं नाही. त्यांनी आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग त्या मागच्या दाराकडे.

वहिनीने सगळं सांगितलं. ठोक्यांचा नियम सांगितला, तेव्हा काकू खाली बसल्या.

त्यांच्या घरीही नियम होता. काकूंनी तीन, यजमानांनी दोन. त्या दिवशी काकू चार वेळा दाराशी गेल्या होत्या. चारही वेळा उत्तर आलं. पाचव्या वेळी आलं नाही, म्हणून त्यांनी दार उघडलं. डॉक्टरांनी बघून सांगितलं, पहिल्या काही मिनिटांतच गेलेत. काकू सगळ्यांना सांगत राहिल्या, की मला उत्तर येत होतं. लोक पाठीवर हात ठेवायचे आणि विषय बदलायचे. शेवटी काकूंनीच सांगणं सोडलं.

"मग मला सांगायचं तरी," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "गिटार देताना एका शब्दाने तरी."

काकूंनी मान खाली घातली. म्हणाल्या, मलाच खरं वाटेनासं झालं होतं.

मग त्यांनी वहिनीला विचारलं, "तुम्ही दार का उघडलंत? उत्तर तर येत होतं."

वहिनीने सांगितलं, मी हात उचलला होता फक्त. विचारायच्या आधीच उत्तर आलं.

काकू गिटार चादरीत गुंडाळू लागल्या. चादरीची गाठ बांधत राहिल्या. बांधलेली सोडली, परत बांधली.

"माझ्याही वेळी," त्या म्हणाल्या, "चौथं उत्तर आधीच आलं होतं. मी हात उचलला आणि आतून दोन ठोके. मला वाटलं, इतका संसार झाला, आता हे माझी पावलंसुद्धा ओळखतात."

मग म्हणाल्या, "मी हसले हो. हसले आणि परत गेले."

वहिनीने त्यांचा हात धरला.  काकू गिटार घेऊन गेल्या. खुंट्यांची पुडी तेवढी टिनातच राहिली, आणि ती परत करायला कुणी गेलं नाही.

ते काय होतं, मला माहीत नाही. काकूंचे यजमान नव्हते, एवढं त्या शपथेवर सांगतात. त्यांच्या आधी ते कुणाच्या दाराआड होतं, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

दादा पुन्हा काम करतो. दाराच्या जागी आता वरपासून खालपर्यंत काच आहे, पंखा एक मिनिटही बंद होत नाही, आणि मास्कला नवा टिन आहे. ठोक्यांचा नियम मोडला. वहिनी खुर्ची टाकून काचेसमोर बसते आणि बघत राहते. घरात कुणीही दार लावून आत असलं आणि आतून "ठीक आहे" म्हणालं, तरी ती दार उघडून बघते. दादा न्हाणीघरातून ओरडतो, पण कडी लावत नाही.

आणि मी. हे लिहिताना खोलीचं दार लोटलेलं आहे. मघाशी बायकोने बाहेरून टकटक केली, जेवायला येताय ना म्हणून.

मी आतून उत्तर दिलं नाही. उठलो, दार उघडलं, आणि तिला माझा चेहरा दाखवला.

ती म्हणाली, "उठलात कशाला? हो म्हणालात की आत्ता."